‘कार्ड’ गेलें! पण कां गेलें?

आपल्या समाजांतील सुशिक्षित घरें आतां केवळ नोकरीवर अवलंबून राहिलेलीं नाहींत. कोणाच्या घरीं दिवाळीच्या फराळाच्या मागण्या घेतल्या जातात, कोणाचें मंगल कार्यालय असतें, कोणी बेकरी चालवितो, तर कोणाच्या थोरल्या सूनबाई शंभर-शंभर डबे पुरवितात. एकत्र कुटुंबांतील आठ-दहा हात एका कामाला लागले म्हणजे असा उद्योग बरकतीस येतो, हें आम्हीं अनेक ठिकाणीं पाहिलें आहे. परंतु उद्योग वाढला कीं त्याबरोबर घरांत यंत्रेंही येतात. घरगुती फ्रीज अपुरा पडून दोन दारांचा उभा चिलर येतो. शेगडीच्या जोडीला विजेची भट्टी येते. कणीक मळण्याचें यंत्र येतें. या यंत्रांची किंमत मोठी, त्यांच्या भरंवशावर ठेवलेला माल मोलाचा, आणि त्यांच्याविषयींचें आपलें ज्ञान मात्र बहुधा ‘बटण दाबलें कीं चालतें’ एवढेंच असतें.

अशा यंत्रांत बिघाड झाला कीं मेकॅनिक येतो, झांकण उघडतो, आंत डोकावतो आणि दोन शब्दांत निकाल देतो: ‘कार्ड गेलें.’ घरधनी मुकाट्यानें पैसे मोजतो, नवें कार्ड बसतें, यंत्र चालूं लागतें, आणि तो विषय तेथेंच संपतो. पुष्कळदां मात्र तो संपलेला नसतो. हें कार्ड म्हणजे काय, तें कां जळतें, केव्हां बदलावें व बदलतांना कोणती काळजी घ्यावी, हें घरांतील एका तरी माणसास ठाऊक असणें आम्हांस अगत्याचें वाटतें. प्रत्यक्ष काम जाणत्या कारागिरानेंच करावयाचें; परंतु त्यास योग्य तो प्रश्न विचारणें हें घरच्या माणसाचें काम आहे.

यंत्राचा कारभारी

पूर्वीच्या मोठ्या वाड्यांतून एक कारभारी असे. तो स्वतः नांगर धरीत नसे कीं पाणी शेंदीत नसे. परंतु कोणास केव्हां कामावर धाडावयाचें व केव्हां थांबवावयाचें, हें तो ठरवी. यंत्रांतील कार्डाचें काम नेमकें असेंच आहे. चिलरांत थंडावा उत्पन्न करतो तो कॉम्प्रेसर. तो आंत खेळवितो तो पंखा. साचलेलें हिम वितळवितो तो हीटर. या तिघांच्या कामाच्या वेळा कार्ड ठरवितें. आंतील उष्णतामान त्याला कळतें तें सेन्सर नांवाच्या एका इवल्याशा तुकड्यावरून.

कार्ड हातांत घेऊन पाहिलें तर एका पातळ फळीवर तांब्याच्या रेषांचें जाळें व त्यावर डाख देऊन बसविलेले लहानमोठे भाग दिसतात. ढोबळ मानानें त्यांचे तीन गट करतां येतील. पहिला गट घरांतील २३० व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज घेऊन तिची १२ किंवा ५ व्होल्टची, एकाच दिशेनें वाहणारी वीज करतो. दुसरा गट म्हणजे नखाएवढी चिप. सेन्सरनें दिलेली वर्दी ऐकून निर्णय घेणारी ती हीच. तिसरा गट रिलेंचा. रिले म्हणजे लहानशा विद्युच्चुंबकाच्या ओढीनें चालूबंद होणारा खटका. चिपेचा अशक्त प्रवाह रिलेला जागें करतो व रिले कॉम्प्रेसरकडे बलवान् प्रवाह सोडतो. चिलर सुरू होतांना ‘टक्’ असा जो आवाज येतो तो बहुधा या रिलेचाच.

तारांच्या गुंत्याऐवजीं फळीवर तांब्याच्या रेषाच उमटवावयाच्या, ही युक्ति व्हिएन्नाहून लंडनला आलेल्या पॉल आयस्लर या इंजिनियरानें १९३६ च्या सुमारास एका रेडिओंत करून दाखविली, व दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत तिचा उपयोग वाढला. पुढें १९७१ सालीं इंटेल कंपनीनें गणकयंत्राचा मेंदू एका चिपेंत सामावणारी ‘४००४’ ही वस्तु बाजारांत आणली, आणि तेथपासून हा नवा कारभारी हळूहळू यंत्रायंत्रांतून शिरला. त्यापूर्वींच्या शीतयंत्रांत साधा थर्मोस्टॅट असे: एक बारीक नळी, तिच्या टोकाला फुगणारा व आकसणारा भाता आणि एक खटका. तो बिघडला तर बिघाड डोळ्यांस दिसे. कार्डाचें तसें नाहीं. तें मुकें असतें, म्हणूनच सर्व दोष त्याच्या माथीं मारणें सोपें जातें. घरांत दूध नासलें किंवा भांडें फुटलें कीं बोल नव्या सुनेला लावण्याची जी चाल एके काळीं आपल्याकडे होती, तिचीच ही यांत्रिक आवृत्ति म्हणावयास हरकत नाहीं!

कार्डाचे शत्रु

पहिला शत्रु उष्णता. कार्डावर कपॅसिटर नांवाचीं जीं लहान डबींसारखीं नळकांडीं असतात, त्यांच्या आंत एक द्रव असतो. उष्णतामान दर १० अंशांनीं वाढलें कीं यांचें आयुष्य सुमारें निम्म्यावर येतें, असा इंजिनियर लोकांचा ठोकताळा आहे. चिलर भिंतीला चिकटवून ठेवला, कंडेन्सरच्या जाळीवर पिठाची व धुळीची साय धरूं दिली, म्हणजे कार्ड नकळत भट्टींत बसतें. नळकांड्याचें सपाट डोकें फुगलेलें दिसलें कीं तो भाग गेला, हें मेकॅनिक नसलेल्यासही ओळखतां येतें.

दुसरा शत्रु ओलावा. स्वयंपाकघरांतील वाफ, फरशी धुतांना उडणारें पाणी, आणि कोंकणांत व गोव्यांत समुद्रावरून येणारी खारी हवा यांनीं तांब्यावर हिरवट बुरशीसारखा थर चढतो व रेषा कुरतडल्या जातात. अशा ठिकाणीं कार्डावर संरक्षक वार्निशाचा थर असलेला बरा.

तिसरा शत्रु ऐकून वाचकांस हंसूं येईल. पण झुरळें, मुंग्या व पाली यांनीं जाळलेलीं कार्डें थोडीं नाहींत. कार्डाची ऊब त्यांना मानवते. एखादें झुरळ दोन तांब्याच्या टोकांमध्यें आडवें पडलें कीं त्याचाही प्राण जातो व कार्डाचाही.

चौथा शत्रु कार्डाच्या अंगाखांद्यावरचाच. कॉम्प्रेसर म्हातारा झाला कीं अधिक वीज ओढतो. हीटरमध्यें ओल शिरली कीं वीज नको तेथें पळते. हा वाढीव भार रिलेच्या टोकांवर पडतो. टोकें जळतात, कधीं एकमेकांस चिकटून बसतात, आणि मग चिपेनें ‘थांब’ म्हटलें तरी कॉम्प्रेसर थांबत नाहीं. येथें कार्ड बदलून काय होणार? नवा कारभारी जुन्याच कर्जांत बुडतो.

पांचवा व सर्वांत दगाबाज शत्रु म्हणजे खुद्द येणारी वीज. तिच्याविषयीं एका घरची हकीकतच सांगणें बरें.

एका घरची हकीकत

पुण्यांतील आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबाचा श्रीखंड व पुरणपोळ्या करून देण्याचा उद्योग आहे. तीन भाऊ, त्यांच्या गृहिणी आणि वडीलधाऱ्या काकू अशीं सारींच त्यांत राबतात. एका वर्षीं गुढीपाडव्यास पंधरा दिवस असतांना त्यांचा चिलर बंद पडला. मेकॅनिक आला. कार्ड काळें पडलेलें त्यानें दाखविलें व नवें बसविलें. सर्व ठीक झालें. पण नवव्या दिवशीं पहांटे पाहावें तों चिलर पुन्हां बंद! आंत साठ किलो चक्का, उष्णतामान १७ अंश, आणि रात्रीं किती वाजतां यंत्र थांबलें हें कोणासच ठाऊक नाहीं.

धाकटा पुतण्या म्हणाला, “काकू, वास घेऊन पाहा. अजून चांगला आहे. साखर घातली म्हणजे कळणारही नाहीं.”

काकू म्हणाल्या, “अरे, कळणार नाहीं म्हणून तर भीति. आपल्या घरचीं पोरें जें खाणार नाहींत, तें लोकांच्या पानांत वाढावयाचें नाहीं.”

काकूंचें म्हणणें शास्त्राला धरून होतें. दुधाचे असे पदार्थ ५ अंशांच्या आंत ठेवावे लागतात. त्यावरच्या उष्णतामानांत अपायकारक जंतु वाढूं शकतात, व त्यांच्या वाढीनें पदार्थाला वास येतोच असें नाहीं. चक्का टाकून देण्यांत आला. ज्यांच्या मागण्या घेतल्या होत्या त्या प्रत्येकाकडे फोन करून खरें कारण सांगण्यांत आलें. पाडव्याचा सारा नफा त्या एका सकाळीं गेला.

मेकॅनिकनें दुसऱ्यांदां ‘कार्ड गेलें’ म्हटलें, तेव्हां मधल्या सूनबाईंनीं विचारलें, “पण कां गेलें?” त्यास उत्तर नव्हतें. शेजारीं वीजखात्यांतून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ राहत. त्यांस बोलावण्यांत आलें. त्यांनीं कार्डाकडे पाहिलेंसुद्धां नाहीं. चिलरच्या प्लगपाशीं मीटर लावून ते दिवसभर अधूनमधून आंकडे लिहीत बसले. सकाळीं २३०, दुपारीं २४०, संध्याकाळीं पुरणपोळ्यांच्या विजेच्या शेगड्या व भट्टी पेटल्या, तों आंकडा २८५ वर गेला! मुख्य स्विचचें झांकण उघडतांच कारण दिसलें. न्यूट्रलच्या तारेचा स्क्रू सैल होऊन तेथील पितळ जळून काळें झालें होतें.

या गोष्टीचा उलगडा असा. मोठ्या जोडणींत विजेचे तीन फेज येतात व तिन्हींचा समतोल न्यूट्रलची एक तार सांभाळते. ती सैल झाली किंवा तुटली कीं समतोल बिघडतो. ज्या फेजवर भार जास्त, तेथील व्होल्टेज पडतें; आणि ज्या फेजवर भार कमी, तेथील चढतें. दोन फेजांमध्यें सुमारें ४०० व्होल्ट असतात, तेव्हां हलक्या फेजवर बसलेल्या बिचाऱ्या यंत्राच्या वांट्यास किती यावें याला मर्यादा ती तेवढीच. कार्डावर व्हॅरिस्टर नांवाची एक चकती अशा प्रसंगीं जादा वीज स्वतःवर घेऊन बळी जाते. पण विजेच्या कडकडाटासरशी येणारा क्षणभराचा लोंढा अडविणें एवढेंच तिचें काम. तासन्‌तास चढून राहिलेलें व्होल्टेज तिच्यानेंही सोसवत नाहीं.

परवानाधारक वायरमननें पुरवठा बंद करून तें टोक बदललें, अर्थिंग तपासलें, व व्होल्टेज वर-खालीं गेल्यास यंत्र तोडणारें एक लहान उपकरण बसविलें. मगच तिसरें कार्ड लागलें, आणि तें आजतागायत चालू आहे. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. मेकॅनिक खोटें बोलला नव्हता; कार्ड खरोखरच जळलें होतें. त्यानें ‘काय गेलें’ याचें उत्तर दिलें होतें. ‘कां गेलें’ हें त्याला कोणीं विचारलेंच नव्हतें.

बदलण्यापूर्वीं व बदलतांना

तेव्हां पहिला नियम असा, कीं कार्डावर संशय सर्वांत शेवटीं घ्यावा. प्लग, फ्यूज, दाराचा स्विच व सैल झालेल्या तारा आधीं पाहाव्या. मग सेन्सर. पुष्कळ चिलरांतील सेन्सर असा असतो, कीं २५ अंशांवर त्याचा विरोध १०,००० ओहम भरतो व बर्फाच्या पाण्यांत बुडविल्यास तो सुमारें तिपटीवर जातो. तसें न झाल्यास दोष कार्डाचा नसून त्या इवल्या तुकड्याचा आहे, आणि त्याची किंमत कार्डाच्या मानानें क्षुल्लक असते.

यानंतर विचारावयाचा प्रश्न कारभाऱ्याला विचारावा तसाच: कार्डाकडे वीज येते काय, आणि हुकूम मिळाल्यावर कार्डाकडून पुढें जाते काय? येतच नसेल तर दोष कार्डाच्या अलीकडे. पुढें जात असूनही कॉम्प्रेसर हलत नसेल तर दोष पलीकडे. येते, हुकूमही दिसतो, पण पुढें जात नाहीं, असें मीटरनें सिद्ध झालें तरच कार्ड दोषी. ही तपासणी चालू विजेवर होते. ती जाणत्यानेंच करावी, घरच्यांनीं दूर उभें राहून पाहावी.

प्रत्यक्ष बदलतांना नुसता स्विच बंद करून भागत नाहीं. प्लग काढून ठेवावा, अगर मुख्य स्विच बंद करून तेथें माणूस उभा करावा. प्लग काढल्यावरही अनेक कार्डांवरील मोठ्या कपॅसिटरमध्यें ३२० व्होल्टच्या आसपास वीज कांहीं काळ साठून राहते. पांच-दहा मिनिटें थांबून व मीटरनें खात्री करूनच हात घालावा. जुन्या कार्डाच्या जोडण्यांचें मोबाइलवर छायाचित्र घ्यावें व प्रत्येक तारेला चिकटपट्टीवर नांव लिहून लावावें. तार ओढूं नये, तिचें बोंड धरून काढावें. नवें कार्ड कडांनीं धरावें व त्याआधीं अर्थ केलेल्या धातूस हात लावावा. कारण कोरड्या हवेंत आपल्या अंगावर साठणारी, आपणांस जाणवतही नाहीं इतकी वीज चिपेला मारक ठरते.

नव्या कार्डाचा नुसता आकार जुळून उपयोग नाहीं. त्यावर छापलेला क्रमांक, त्यापुढील आवृत्तीचें अक्षर, लहान खटक्यांच्या जागा व सेन्सरची जात हीं सर्व जुळलीं पाहिजेत. सेन्सरची जात चुकली तर पडद्यावर आंकडा दिसेल, पण तो खोटा असेल; आणि खोटा आंकडा बंद पडद्यापेक्षां अधिक घातक. शिवाय कार्डाच्या स्मरणांत कांहीं ठराव असतात: किती अंशांवर थांबावें, हिम किती तासांनीं वितळवावें, एकदां थांबलेला कॉम्प्रेसर पुन्हां सुरू करण्यापूर्वीं किती मिनिटें विश्रांति द्यावी. ही विश्रांति न मिळाल्यास आंतील दाबाविरुद्ध सुरू होण्याच्या धडपडींत कॉम्प्रेसरच जळण्याचा संभव असतो. नवें कार्ड कोऱ्या पाटीसारखें येतें. म्हणून हे ठराव जुनें कार्ड धड असतांनाच लिहून ठेवावे.

वीज देण्यापूर्वीं कॉम्प्रेसर, पंखा व हीटर यांची तपासणी करावी. यंत्राच्या पाटीवर लिहिलेल्या प्रवाहापेक्षां कोणी अधिक ओढीत असेल तर त्याचा बंदोबस्त आधीं. यंत्र सुरू झाल्यावर लगेच माल भरूं नये. स्वतंत्र थर्मामीटर आंत ठेवून कांहीं तास, निदान हिम वितळण्याची एक फेरी पुरी होईतों, वाट पाहावी.

गॅसवर चालणाऱ्या व्यापारी भट्ट्यांविषयीं एक निक्षून सांगणें आहे. त्यांतील कार्ड ज्योत पेटली आहे कीं नाहीं हें पाहतें, व ज्योत नसल्यास गॅस बंद करतें. असें कार्ड बिघडल्यावर ‘तात्पुरतें डायरेक्ट करून देतों’ असें कोणी म्हणाल्यास त्यास हात जोडून परत पाठवावें. तेथें प्रश्न चक्क्याचा नसून घरच्या व कामावरच्या माणसांच्या जिवाचा असतो.

नवें कीं दुरुस्त?

एक रिले किंवा एक कपॅसिटर गेल्यामुळें सबंध कार्ड टाकून देणें आम्हांस मान्य नाहीं. डाखकाम जाणणारे कारागीर अजून शहराशहरांतून आहेत; त्यांच्याकडून साधें कार्ड दुरुस्त करून घेऊन तें अडीनडीस जोड म्हणून ठेवावें. गॅसच्या व सुरक्षिततेच्या कार्डांस मात्र ही काटकसर लावूं नये.

पण दुरुस्ति करावयाची तर नकाशे व सुटे भाग मिळावयास हवेत. हा प्रश्न आतां जगभर निघाला आहे. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें ‘दुरुस्तीच्या हक्का’साठीं जुलै २०२२ मध्यें एक समिति नेमली, व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत यासंबंधींचें संकेतस्थळ उघडलें. अमेरिकेंत आइस्क्रीमसारखीं दुकानांतील खाद्ययंत्रें बंद पडलीं तरी आंतील संगणकीय कुलपामुळें मालकास दुरुस्त करतां येत नसत. तेथील कॉपीराइट कार्यालयानें ऑक्टोबर २०२४ मध्यें अशा यंत्रांच्या दुरुस्तीपुरतें तें कुलूप उघडण्याची मोकळीक दिली. यंत्र विकत घेतांनाच ‘याचें कार्ड सुटें मिळेल काय, किती वर्षें मिळेल, व ठरावांची यादी द्याल काय?’ असे तीन प्रश्न विक्रेत्यास विचारण्याची संवय आपणही लावून घेतली पाहिजे.

अगदींच निकामी झालेलें कार्ड केराच्या टोपलींत टाकूं नये. त्यांत तांबें असतें, पुष्कळदां शिसेंही असतें; भंगारवाल्याच्या आगींत त्याचा विषारी धूर होतो. ई-कचऱ्याविषयींचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणी असलेल्या पुनर्चक्रण करणाऱ्या संस्थेकडेच तें द्यावें.

शेवटीं एक लहानशी सूचना. घरांत जशी वाण्याची व दुधाची वही असते, तशी प्रत्येक मोठ्या यंत्राची एक वही असावी. खरेदीची तारीख, कार्डाचा क्रमांक, त्याचे ठराव, केव्हां काय बिघडलें, कोणीं काय बदललें, आणि त्यापुढें ‘कारण’ असा एक स्वतंत्र रकाना. मेकॅनिकची मजुरी द्यावी, चहा द्यावा. परंतु तो रकाना भरल्याखेरीज त्यास निरोप देऊं नये. ही वही ठेवण्याचें काम घरांतील एखाद्या चौकस मुलाकडे अगर मुलीकडे सोंपविल्यास हिशेब तर नीट राहीलच; शिवाय कोणत्याही बिघाडाचें मूळ शोधावें, ही संवय त्यास लहानपणींच लागेल.